शीट कुणाची, कॉलेज कुणाचं?

पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका आईचं हे पत्र. आईवडील दोघंही महाराष्ट्रात शिकलेले, दोघंही नोकरी करणारे. मुलगी इथेच जन्मलेली, यंदा दहावीत, म्हणजे सोफोमोर. धाकटा मुलगा सहावीत. मुलीचे मार्क चांगले आहेत, पण कॉलेजप्रवेशासाठी लागतं म्हणतात ते 'प्रोफाइल' नाही, ही आईची काळजी. भागातल्या आयांच्या 'बॅच २०२८' या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज काहीतरी येतं: कुणाच्या मुलाने नॉनप्रॉफिट काढली, कुणाच्या मुलीचा रिसर्च पेपर छापून आला, कुणी रोबोटिक्सच्या नॅशनल्सला निघालंय. यांच्या मुलीने नववीनंतर डिबेट सोडलं. शाळा सुटल्यावर ती क्लबलाही थांबत नाही, कारण आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दुपारी तीच आजीजवळ असते. एका कन्सल्टंटने बारावीपर्यंतचं पॅकेज सुचवलंय. फी काही हजार डॉलर, या महिन्यात नाव नोंदवलं तर सवलत. नवऱ्याचं म्हणणं, "आपल्यासाठी कुणी केलं होतं हे सगळं? होईल आपोआप."

आईने मुलीच्या ॲक्टिव्हिटींची एक गुगल शीट केली. रकाने असे: ॲक्टिव्हिटी, आठवड्याचे तास, लीडरशिप, बक्षिसं. बहुतेक चौकोन लाल. ती शीट मुलीच्या नजरेला पडली. काही न बोलता तिने खाली एक ओळ भरून ठेवली: 'झोप. आठवड्याला ३५ तास. लीडरशिप: नाही. बक्षिसं: नाहीत.' तेव्हापासून कॉलेजचा विषय निघाला की तिच्या खोलीचं दार लागतं. आईचे प्रश्न तीन: उशीर झालाय का? कन्सल्टंट घ्यावा का? आणि मुलीला मार्गाला कसं लावावं?

उत्तर:

आधी तुमच्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. भांडण न करता, आवाज न चढवता, तुमच्याच रकान्यांत बसवून तिने जे सांगायचं ते सांगितलं. असं नेमकं लिहिणाऱ्या मुलीच्या निबंधाची काळजी मी तरी करणार नाही.

आता त्या ओळीतला आकडा बघा. आठवड्याला ३५ तास म्हणजे रात्रीचे पाच. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, असं अमेरिकेतले झोपेचे डॉक्टर सांगतात. तुमच्या शीटमध्ये खरोखर लाल करण्यासारखी हीच एक ओळ होती, आणि ती तिला स्वतः भरावी लागली. त्यामुळे 'आणखी काय करायला लावू' या प्रश्नाकडे मी लगेच येत नाही. पाच तास झोपणाऱ्या मुलीच्या दिवसातून आधी काहीतरी काढायला हवं. काय काढायचं ते तिलाच विचारा. बरेचदा उत्तर एखाद्या एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, विषयात असतं, जो मैत्रिणीने घेतला म्हणून हिनेही घेतलाय, नाहीतर रात्री बारापर्यंत हातात असलेल्या फोनमध्ये. फोन निघाला तर ओरडू नका. तुमचा ग्रुपही रात्री अकराला जागाच असतो ना?

उशीर झालाय का? नाही. दहावीत कुणालाच उशीर झालेला नसतो. पण हे नुसतं धीर द्यायला म्हटलं तर तुम्हाला पटणार नाही, म्हणून एक जागा दाखवते. अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाची माहिती भरून वेबसाइटवर ठेवतात. त्यात सी-सेव्हन नावाचा तक्ता असतो. प्रवेश देताना आम्ही कशाला किती महत्त्व देतो, हे कॉलेजने स्वतःच तिथे खुणा करून सांगितलेलं असतं: कठीण विषय घेतले का, मार्क, टेस्ट, निबंध, शिफारसपत्रं, ॲक्टिव्हिटी, स्वभाव, कामाचा अनुभव, वगैरे. तुमच्या मनात जी चार-पाच नावं असतील त्यांचे तक्ते नवरा-बायकोने मिळून एकदा उघडून बघा. जवळपास सगळीकडे पहिल्या ओळींवर विषयांची काठिण्यपातळी आणि मार्क यांनाच मोठी खूण दिसेल. काही मोठ्या सरकारी विद्यापीठांत ॲक्टिव्हिटीला तुम्हाला वाटतं त्याहून बरंच कमी वजन असतं. ग्रुपवर मात्र ॲक्टिव्हिटीचेच फोटो येतात. बीजगणितातल्या बी-प्लसचा ए-मायनस झाला, याचा फोटो कोण टाकणार?

शिवाय विषय कठीण की सोपे, हे तुमच्या शाळेच्या संदर्भात ठरतं. अर्जासोबत शाळेचा काउन्सेलर 'स्कूल प्रोफाइल' पाठवतो. शाळेत किती एपी शिकवतात, साधारण मुलं किती घेतात, ग्रेडिंग कसं आहे, हे सगळं त्यात असतं. म्हणजे तुमची मुलगी तिला उपलब्ध असलेल्या गोष्टींच्या मापाने तोलली जाते, कॅलिफोर्नियातल्या कुणाच्या मुलाच्या मापाने नाही.

तुमच्या पत्रात 'मागे पडणं' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. तो कुठून येतो हे तुम्हालाही माहीत आहे. आपण यादीतून आलो. बारावीचे मार्क, मग कॅप राउंड, मग कटऑफ. अमुक टक्क्यांना सीओईपी, अमुकला व्हीजेटीआय, आणि अर्ध्या टक्क्याने हुकलं तर ते आयुष्यभर सांगायचं. त्या पद्धतीत शेजारच्या मुलाला दोन मार्क जास्त पडले, तर तो खरोखरच तुमच्या पुढे असायचा. इथे अशी एक यादीच नाही. प्रत्येक कॉलेज आपापल्या गरजेने वर्ग भरतं: या वर्षी इंजिनिअरिंगला अर्ज जास्त आले, ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवणारा कुणी नाही, अमुक राज्यातून मुलं कमी आहेत. हे बाहेरून दिसत नाही, म्हणून त्रास होतो. आणि न दिसणाऱ्या गोष्टीला आपण आपल्या ओळखीचं रूप देतो: चला, निदान यादी तरी करू. नॉनप्रॉफिट झाली की टिक, रिसर्च झाला की टिक. तुमची शीट ही तुमच्या डोक्यातली कॅप राउंड आहे. ती केल्याबद्दल मी तुम्हाला दोष देत नाही. पण ती वाचणारं पलीकडे कुणी नाही, एवढं लक्षात घ्या.

वाचलं जातं ते काय, तेही बघून घेऊ. कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांना एकच चालणारा ऑनलाइन अर्ज, त्यात ॲक्टिव्हिटींसाठी जास्तीत जास्त दहा जागा असतात. प्रत्येकीच्या वर्णनाला १५० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे, तेही लिहायचं. दहाच्या दहा भरल्या पाहिजेत असा नियम नाही. आणि प्रकार निवडायच्या यादीत 'पगारी काम' आहे, तसंच 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' असाही पर्याय आहे.

तुमच्या पत्रात आजीचा उल्लेख 'त्यामुळे तिला क्लबला थांबता येत नाही' एवढ्यापुरता आला. मी ते वाक्य दोनदा वाचलं. दुपारी अडीचला बसमधून उतरणारी पंधरा वर्षांची मुलगी घरी येऊन आजीला चहा करून देते, वॉकर धरून दिवाणखान्यात फेऱ्या घालून आणते, गुडघा किती वाकतोय ते बघते. असं आठवड्यातून पाच दिवस चालत असेल, तर ते शीटमध्ये कुठल्या रकान्यात होतं? मला वाटतं, नव्हतंच. अर्जात ते हक्काने लिहिता येतं, आणि अर्ज वाचणारी माणसं ते गांभीर्याने घेतात.

पण थांबा. लगेच तिला आजीच्या गुडघ्यावर निबंध लिहायला बसवू नका, आणि 'केअरगिव्हर्स ऑफ न्यू जर्सी' अशी संस्था तर मुळीच काढू नका. आधी एक अवघड प्रश्न घरात विचारायचा आहे: आजीजवळ दुपारी ती तिच्या मर्जीने असते, की दुसरं कुणी नाही म्हणून? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तिला आजीशी गप्पा मारायला आवडतही असेल, आणि गुरुवारी शाळेत थांबावंसंही वाटत असेल. तुम्ही आणि तुमचे यजमान यांच्यापैकी कुणाला आठवड्यातून एक-दोन दुपारी घरून काम करता येईल का, शेजारच्या एखाद्या मावशी येऊन बसतील का, काही दिवस फिजिओच्या मदतनिसाचा खर्च करता येईल का, हे बघा. कन्सल्टंटच्या फीपेक्षा तो खर्च कदाचित कमीच होईल. तेवढी मोकळीक मिळूनही ती घरीच राहिली, तर तिने ते निवडलं असं म्हणता येईल. आत्ता तसं म्हणता येत नाही.

डिबेट तिने का सोडलं, ते पत्रात कुठेच नाही. तुम्ही विचारलं नसेल, असं मी म्हणत नाही. पण 'का सोडलंस?' आणि 'सोडलंस ना शेवटी!' यातला फरक पंधराव्या वर्षी फार बारीक ऐकू येतो. कदाचित शनिवारी पहाटे पाचला उठून टूर्नामेंटला जाणं नको झालं असेल. कदाचित पार्टनरशी बिनसलं असेल. कदाचित तिला वाद घालायलाच आवडत नसेल, आणि ते कळायला एक वर्ष लागलं. नववीतली गोष्ट दहावीत सोडणं हा डाग नाही. शोधाशोध करायची ती हीच वर्षं. चौदाव्या वर्षी निवडलेली गोष्ट अठरापर्यंत ओढत न्यायचीच, हा हट्ट मला तरी मुलांपेक्षा आईवडिलांच्या सोयीचा वाटतो.

आता त्या नॉनप्रॉफिट आणि पेपरांबद्दल. काही खरे असतात. एखादा मुलगा खरोखरच गावच्या फूड पँट्रीत दोन वर्षं खोकी उचलतो, मग तिथल्या याद्या नीट करून देतो, आणि त्यातून काहीतरी उभं राहतं. पण दहावीच्या मुलाच्या नावाने वेबसाइट, लोगो, काका-मामांच्या देणग्या आणि एक उद्‌घाटन, हा प्रकार प्रवेश कार्यालयातल्या माणसांनी इतक्या वेळा बघितलाय की त्यांना पहिल्या ओळीतच वास येतो. पैसे घेऊन शाळकरी मुलांचे पेपर 'छापून देणारे' उद्योगही तसेच. नावाजलेल्या विद्यापीठाच्या आवारात भरणारे महागडे उन्हाळी कोर्स ही आणखी एक फसगत. त्यांतले कितीतरी नुसती जागा भाड्याने घेऊन दुसऱ्याच कंपन्या चालवतात, आणि तिथे गेल्याने त्या विद्यापीठात प्रवेशाची शक्यता वाढते असं नाही. तिला विषयाची गोडी असेल आणि तुम्हाला परवडत असेल, तर मजेसाठी जरूर पाठवा. वजन पडेल म्हणून नको.

वजन पडतं अशा गोष्टी बरेचदा फुकट असतात आणि निवड करून घेतात. तुमच्याच राज्यात गव्हर्नर्स स्कूल आहेत: इंजिनिअरिंगचं रटगर्सला, विज्ञानाचं ड्रू विद्यापीठात. अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात, शाळेमार्फत अर्ज, आणि शिकवायची फी नाही. अजून वर्ष आहे. तिला रस असेल तर काउन्सेलरच्या कानावर आत्ताच घालून ठेवावं, तेही तिने.

आणि या उन्हाळ्यात? एखादी नोकरी. आइस्क्रीमचं दुकान, गावचा स्विमिंग पूल, लायब्ररी, काहीही. न्यू जर्सीत अठराखालच्या मुलांची कामासाठीची नोंदणी आता ऑनलाइन होते, पूर्वीसारखी शाळेतून कागदं फिरवावी लागत नाहीत. आपल्या लोकांत एक विचित्र संकोच असतो, 'आमची मुलगी कोन भरायला उभी राहणार?' राहू दे की. रांगेतल्या चिडलेल्या माणसाशी नीट बोलायला तिथे शिकायला मिळतं. तो गुण मला कित्येक पीएचडीवाल्यांत दिसलेला नाही.

मराठी शाळेत धाकट्या वर्गाला शिकवायला मदत करणं, ढोल पथकात वाजवणं, हेही यात येतं. भारतीय मुलांनी भारतीय गोष्टी लपवाव्यात, नाहीतर 'सगळ्यांसारखं' दिसतं, असा सल्ला ग्रुपवर फिरत असतो. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केल्यावर तर या चर्चेला ऊत आला. माझं मत साधं आहे: तिला ढोल आवडत असेल तर तिने ढोल वाजवावा. न आवडणारं लॅक्रॉस खेळून कुणी 'वेगळं' दिसत नाही. एक बारीकशी सोय मात्र सांगते. पुष्कळ राज्यांत, न्यू जर्सीतही, 'सील ऑफ बायलिटरसी' हा दोन भाषा येणाऱ्या मुलांसाठीचा शिक्का हायस्कूल डिप्लोम्यावर मिळतो. तुमचं स्कूल डिस्ट्रिक्ट मराठीची परीक्षा मान्य करतं का, ते शाळेत विचारा.

टेस्टबद्दल, म्हणजे एसएटी या प्रवेशासाठीच्या परीक्षेबद्दल थोडक्यात, कारण त्यावर तुमचा ग्रुप माझ्यापेक्षा जास्त जाणतो. दहावीतली पीएसएटी हा सराव. नॅशनल मेरिट स्कॉलरशिपला अकरावीच्या ऑक्टोबरातलीच धरतात. एसएटी अकरावीच्या हिवाळ्यात-वसंतात एकदा, गरज वाटली तर ऑगस्टमध्ये पुन्हा. सरावासाठी कॉलेज बोर्डाचं ब्लूबुक ॲप आणि खान अकॅडमी फुकट आहेत. 'टेस्ट आता लागतच नाही' हेही खरं नाही आणि 'सगळीकडे लागते' हेही नाही. एमआयटीने २०२२मध्ये ती पुन्हा सक्तीची केली, डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड यांनी २०२४मध्ये तसंच जाहीर केलं, आणि कॅलिफोर्नियाची यूसी विद्यापीठं स्कोअर बघतच नाहीत. दहावीत क्लास लावायची घाई नको. ती झोपू दे.

पैसा हा भाग मात्र फक्त आईवडीलच करू शकतात, आणि दहावीत करण्यासारखं खरं नियोजन तेच आहे. तुमच्या पत्रात त्याबद्दल एक ओळ नाही.

फेडरल मदतीसाठीचा अर्ज, फाफ्सा, दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न बघतो. तुमची मुलगी २०२८च्या फॉलला कॉलेजात जाईल. तिचा फाफ्सा २०२७च्या ऑक्टोबरात उघडेल, आणि त्यात २०२६चं टॅक्स रिटर्न धरलं जाईल. म्हणजे दहावीच्या जानेवारीपासून अकरावीच्या डिसेंबरपर्यंतचं वर्ष. या वर्षात साठवलेले शेअर विकलेत, किंवा पुण्यातला फ्लॅट विकून नफा झाला, तर तो त्या उत्पन्नात दिसणार. विकायचंच असेल तर कधी, याचा विचार टॅक्सवाल्याशी बोलून आत्ता करा. तो फ्लॅट विकला नाहीत तरी गुंतवणूक म्हणून मालमत्तेत सांगावाच लागतो. राहतं घर आणि ४०१-के, म्हणजे नोकरीतलं निवृत्तीचं खातं, मात्र फाफ्सात धरत नाहीत. बरीच खासगी कॉलेजं जो सीएसएस प्रोफाइल नावाचा दुसरा अर्ज मागतात, त्याचे नियम वेगळे, आणि तिथे राहत्या घराचीही चौकशी होते. आणखी एक: मुलीच्या नावावर ठेवलेल्या पैशाचा २० टक्के हिस्सा दरवर्षी शिक्षणासाठी उपलब्ध धरला जातो, आईवडिलांच्या बचतीचा जास्तीत जास्त ५.६४ टक्के. आजोबांनी प्रेमाने नातीच्या नावे खातं उघडलं असेल, तर हे माहीत असलेलं बरं.

दोन पगारांच्या घराला फेडरल मदत मिळणारच नाही, असं म्हणून तुम्ही हे पान उलटाल. नका उलटू. मोठ्या खासगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च आता नव्वद हजार डॉलरांच्या पुढे गेलाय. रटगर्समध्ये राज्यातल्या मुलीला होस्टेल-जेवणासकट त्याच्या निम्म्याहून कमी लागतो. आयव्ही लीगमध्ये गुणवत्तेची स्कॉलरशिप हा प्रकारच नाही, फक्त गरजेवर मदत. मात्र ती मदत आपल्याला वाटतं त्याहून वरपर्यंत पोचते. हार्वर्डने २०२५पासून वर्षाला दोन लाख डॉलरांपर्यंत उत्पन्न आणि सर्वसाधारण मालमत्ता असलेल्या कुटुंबांना शिकवणी फी माफ केली आहे. उलट, फारसं न गाजलेलं एखादं चांगलं कॉलेज तुमच्या मुलीला मार्कांवर मोठी सूट देईल. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' असतो. २०११पासून कायद्यानेच ठेवावा लागतो. आकडे भरले की अंदाजे किती पडेल ते कळतं.

हे काम तुमच्या यजमानांना द्या. 'होईल आपोआप' म्हणणाऱ्या माणसाने एका रविवारी पाच कॉलेजांचे कॅल्क्युलेटर भरले की त्याचं मत आपोआप बदलतं. मग दोघांनी मिळून एक आकडा ठरवा: वर्षाला आपण एवढे देऊ शकतो, धाकट्याचं शिक्षण आणि आपलं निवृत्तीचं बघून. आणि तो आकडा मुलीला सांगा. आपल्या घरांत इथेच गाडं अडतं. 'तू फक्त अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघतो' हे आपण प्रेमाने म्हणतो. मग बारावीच्या एप्रिलमध्ये, प्रवेश मिळाल्यावर, 'हे परवडणार नाही' असं सांगायची वेळ येते. सोळाव्या वर्षी आकडा ऐकणं त्यापेक्षा खूप सोपं. अर्ली डिसिजनचा, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर केलेला अर्ज बांधील असतो, मिळालं की सहसा जावंच लागतं, आणि त्या करारावर मुलीबरोबर पालकांचीही सही लागते. घरात आकडा ठरलेला नसताना ती सही करणं धोक्याचं.

आणि वर्गात वरच्या १५ टक्क्यांत असलेल्या न्यू जर्सीच्या मुलांना 'एनजे स्टार्स'मधून काउंटी कॉलेजची शिकवणी फी लागत नाही, तिथून पुढे चार वर्षांच्या कॉलेजात जाता येतं. ग्रुपवर हे कुणी सांगणार नाही. तुम्हाला ते नको असेल, हरकत नाही. हे सदर वाचणाऱ्या आणखी कुणाला तरी हवं असेल.

कन्सल्टंटचं: आत्ता नको. कन्सल्टंट घेणं वाईट असतं म्हणून नव्हे. शाळेच्या काउन्सेलरकडे शेकडो मुलं असतील आणि तो तुमच्या मुलीला ओळखतही नसेल, तर अकरावीच्या उत्तरार्धात, कॉलेजांची यादी करायला आणि निबंधावर प्रामाणिक मत द्यायला, तासाच्या हिशेबाने कुणी घेणं उपयोगाचं ठरू शकतं. पण दहावीत पॅकेज घेतलं की त्या माणसाला दर महिन्याला काहीतरी करून दाखवावं लागतं, आणि त्याचा भार पाच तास झोपणाऱ्या मुलीवर पडतो. 'या महिन्यातच सवलत' हेही मला पटत नाही. पुढेमागे कुणाशी बोललात तर हे विचारा: निबंध लिहून देता की नुसता वाचता? मुलगी तुमच्याशी एकटी बोलेल ना, आम्ही खोलीत नसताना? पैशांच्या मदतीचं तुम्हाला किती कळतं? प्रवेशाची हमी दिली, तर तिथेच नमस्कार करून उठा.

आता दाराचं. मुलीला मार्गाला लावायचं, असं तुम्ही लिहिलंत. ती मार्गावर आहे, तुमच्याशी बोलत नाहीये, एवढंच. तिला सरळ सांगा, की शीट तिला न विचारता केली होती, आणि आता ती तिच्या ताब्यात. मालकी हक्क तिच्याकडे, तुम्हाला फक्त बघायची परवानगी, तीही तिने दिली तर. हवं तर ती पुसून टाकेल. मग आठवड्याला एकच वेळ ठरवा, रविवारी संध्याकाळी अर्धा तास, ज्यात कॉलेजचं बोलायचं. बाकी दिवस कॉलेजचा 'क'ही नाही. गाडीत नाही, जेवताना नाही, आजीसमोर नाही, आणि मावशीच्या फोनवर 'बघ ना, हिचं काहीच होत नाहीये' हे तर अजिबात नाही. पहिले दोन-तीन रविवार ती खांदे उडवेल. तेव्हा अर्ध्या तासाची दहा मिनिटं करून उठा, पण पुढच्या रविवारी परत बसा.

त्या बैठकीत विचारायला माझ्याकडचे प्रश्न: कुठल्या विषयाच्या तासाला वेळ कसा गेला कळत नाही? कुठले शिक्षक तुला खरंच ओळखतात? (अकरावीच्या शिक्षकांकडूनच बहुधा शिफारसपत्रं घ्यावी लागतात, म्हणून हे कामाचं.) मोठं कॅम्पस हवं की छोटं? घरापासून किती लांब? हा शेवटचा प्रश्न विचारून गप्प बसा, 'जवळच बरं' हे स्वतः म्हणू नका. वाटलं तर एखाद्या शनिवारी रटगर्सला आणि प्रिन्स्टनला चक्कर मारून या, माहितीसत्र वगैरे काही नाही, नुसतं भटकायला. मोठं आणि छोटं यातला फरक पायांना कळतो.

ग्रुप सोडा असं मी म्हणणार नाही, तुम्ही सोडणारही नाही. म्यूट करा. त्यावरची एखादी बातमी मुलीपर्यंत न्यायच्या आधी स्वतःला विचारा, यातून तिला काही करता येण्यासारखं कळतंय का. अमुक स्पर्धेची तारीख कळली तर सांगा. 'अमुकचा मुलगा जिंकला' हे सांगून ती काय करणार?

शेवटी, असंच पत्र लिहू पाहणाऱ्या पण वेगळ्या परिस्थितीतल्या वाचकांसाठी. तुमचं मूल भारतात जन्मलेलं असेल, एच-फोरवर (एच-वन-बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असेल आणि ग्रीन कार्डची रांग हलत नसेल, तर वरचं बरंच तुम्हाला जसंच्या तसं लागू नाही. फाफ्साची मदत मुख्यतः नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्या मुलांना मिळते, एच-फोरवरच्यांना नाही. एच-फोरवरच्या मुलाला पगारी काम करता येत नाही, तेव्हा आइस्क्रीमच्या दुकानाचा माझा सल्ला सोडून द्या, आणि यूट्यूबवरून कमाई सुरू करण्याआधी वकिलाला विचारा. निव्वळ स्वयंसेवा चालते. राज्यातल्या मुलांची कमी फी एच-फोरला मिळते की नाही, हे राज्यागणिक आणि कधी कधी कॉलेजागणिक बदलतं, म्हणून यादी करतानाच प्रत्येक ठिकाणी लेखी विचारून घ्या. एकविसाव्या वर्षी एच-फोर संपतो, म्हणजे पदवीच्या मध्यावरच एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर, जायची वेळ येऊ शकते. ग्रीन कार्डच्या रांगेतली आपली प्राधान्य तारीख (प्रायॉरिटी डेट) आणि मुलाचं वय समोरासमोर मांडून एकदा वकिलाकडे बसा, आणि शाळेच्या काउन्सेलरला हे अकरावी सुरू व्हायच्या आधी सांगून ठेवा. बऱ्याच काउन्सेलरांनी असं प्रकरण कधी हाताळलेलं नसतं, त्यांनाही वाचायला वेळ लागतो.